गणिताचा तास आणि दहा वाजताची शुगर : आठवीतल्या एका मुलीचे प्रकरण

नाशिकच्या सिडको भागातली, आठवीत शिकणारी १३ वर्षांची मुलगी. चौथीत असताना टाइप १ मधुमेहाचे निदान झालेले. सातवीपर्यंत वर्गात पहिल्या दहांत असायची. आठवीच्या पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ७, विज्ञानात ९. मराठी, हिंदी, इतिहासाचे गुण मात्र पूर्वीसारखेच. सहामाहीनंतर वर्गशिक्षिकेने वडिलांना बोलावून सांगितले, "मुलगी हुशार आहे, पण तासाला लक्ष नसतं. शून्यात बघत बसते. विचारलं की चिडते." त्याच महिन्यात तिची एचबीएवनसी तपासणी १०.१ टक्के आली. आदल्या मार्चमध्ये ती ८.४ होती. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते. बहुतेक मुलांसाठी ती ७ च्या खाली असावी असे मानतात. १०.१ म्हणजे रक्तातली शुगर सरासरी २४० च्या (१०० मिलिलिटर रक्तात २४० मिलिग्रॅमच्या) आसपास.

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी मधुमेह शिक्षिका म्हणून काम करते. इन्सुलिन कसे घ्यायचे, शुगर कशी तपासायची, ती फार उतरली म्हणजे 'लो' झाली तर काय करायचे, हे मुलांना आणि आईवडिलांना शिकवायचे काम. शाळेचे गुण आमच्या फाइलमध्ये सहसा नसतात. या प्रकरणात गुणपत्रिका आणि शुगरची वही शेजारी ठेवली, तेव्हाच गाठ सुटू लागली. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर

वडील सातपूर एमआयडीसीत पाळीने कामाला जातात, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ तिसरीत. आजी दिंडोरी तालुक्यात. निदान झाले ते द्राक्षांच्या हंगामात. सारखी तहान, अंथरुणात लघवी, कपडे सैल व्हायला लागलेले. आजीने द्राक्षांना दोष दिला. उलट्या सुरू झाल्या तेव्हा पित्त असेल म्हणून दोन दिवस गेले. श्वास जोरजोरात चालू लागल्यावर दवाखान्यात आणले, तेव्हा शुगर ५०० च्या वर होती आणि रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्ले) साचून आम्लता वाढली होती. अतिदक्षता विभागात ठेवावे लागले.

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि पथ्याने जात नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत. तरीही "एवढ्याशा पोरीला इंजेक्शनं कशाला, काढा देऊन बघा" असे सांगणारे नातेवाईक या घरात अजून येतात. इन्सुलिन बंद करून काढ्यावर आलेल्या मुलांचे काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून ते इथे स्पष्ट लिहिते : इन्सुलिनला पर्याय नाही.

शाळेला यातले काहीच माहीत नव्हते. पाचवीच्या प्रवेशावेळी एका शाळेने "उद्या वर्गात काही झालं तर जबाबदारी कोणाची?" असे विचारून फॉर्म परत केला होता. दुसऱ्या शाळेत आईने आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिले. वर घरात 'मुलीची जात, पुढे लग्नाचं कसं' ही कुजबुज होतीच. लपवण्याचा परिणाम मुलीला भोगावा लागला हे खरे, पण मी त्या आईला दोष देऊ शकत नाही. खरे सांगितल्यावर दार बंद होते हे तिने एकदा बघितले होते.

वेळापत्रक आणि शुगर

मुलगी दिवसातून दोनदा मिश्र इन्सुलिन घ्यायची, ३०/७० प्रकारचे. कमी इंजेक्शने, कमी खर्च आणि शाळेत काही टोचायला नको, म्हणून अनेक घरांत हेच चालते. यातला ३० टक्के भाग लवकर काम करतो आणि साधारण दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो. उरलेला ७० टक्के सावकाश चढतो. पोटात अन्न कधी पडेल ते इन्सुलिन आधीच ठरवून टाकते. मुलाने घड्याळ लावून खायचे.

शाळा सकाळच्या सत्रात, ७ वाजून १० मिनिटांची. इंजेक्शन सव्वासहाला. रिक्षावाले काका पावणेसातला येणार, त्यामुळे अर्धा कप दूध आणि पोळीचे चार घास, तेही उभ्याने. नऊला पाच मिनिटांची छोटी सुट्टी, तीत डबा उघडायला परवानगी नाही. मोठी सुट्टी १०.२० ला. तिसरा आणि चौथा तास, म्हणजे नऊ ते १०.२०, रोज गणित आणि विज्ञानाचा. सोमवारी आणि गुरुवारी दुसरा तास पीटीचा.

दवाखान्याने दंडावर लावायचा सेन्सर १४ दिवसांसाठी दिला. तो दर काही मिनिटांनी शुगर नोंदवतो. १४ दिवसांचा आलेख निघाल्यावर मी मुलीला शाळेचे वेळापत्रक मागितले आणि दोन्ही एका मोठ्या कागदावर एकाखाली एक उतरवले. सकाळी साडेसहाला शुगर २६०-२८०. पहिल्या तासाला तीच. साडेआठपासून उतार. साडेनऊ ते सव्वादहा या वेळेत बहुतेक दिवशी ७० च्या खाली, पीटीच्या दिवशी ५४ च्याही खाली. मोठ्या सुट्टीत डबा खाल्ला की अकराला पुन्हा २५० कडे. भाषा आणि इतिहासाचे तास अकरानंतर होते.

शुगर ७० च्या खाली गेली की ती लो समजतात. ५४ च्या खाली मेंदूचे कामकाज उघडपणे मंदावते. हात थरथरतात, घाम येतो, समोरचे धूसर होते, बोललेले कानावर पडते पण अर्थ लागत नाही, राग येतो. वर्गशिक्षिकेने वडिलांना जे सांगितले होते त्यातला शब्दन्‌शब्द लो शुगरचे वर्णन होता. त्यांचे निरीक्षण अचूक होते, फक्त कारण त्यांना ठाऊक नव्हते. शिवाय शुगर वर आली म्हणजे डोके लगेच ताळ्यावर येते असेही नाही. त्याला पुढे अर्धा-पाऊण तास लागू शकतो, म्हणजे साडेनऊला लो झालेल्या मुलीचा विज्ञानाचा तासही गेलेलाच.

सकाळची २८० कुठून येत होती? रात्री लो होईल या भीतीने आई झोपताना साखर घातलेले दूध द्यायची. सकाळी आकडा मोठा दिसला की इन्सुलिन दोन युनिट जास्त. त्या जास्तीच्या युनिटांची किंमत दहा वाजता चुकती व्हायची. आणि पहिल्या दोन तासांत, शुगर १८० च्या बरीच वर असल्यामुळे, तहान आणि लघवी. एका बाईंनी एकाच तासात दुसऱ्यांदा बाहेर सोडायला नकार दिला, तेव्हापासून तिने घरून पाणी पिऊन जाणेच बंद केले होते. हे तिने मला सांगितले तेव्हा आई शेजारीच बसलेली होती; तिलाही ते नवीन होते.

उलट दिशा

इथवरची गोष्ट आजाराने अभ्यास बिघडवला अशी आहे. एचबीएवनसी ८.४ वरून १०.१ वर गेली तिचे कारण मात्र बरेचसे अभ्यासात होते.

घटक चाचणीचे गुण पाहून वडिलांनी संध्याकाळचा क्लास लावला, साडेपाच ते आठ. शिष्यवृत्तीची परीक्षाही त्याच वर्षी द्यायची होती. आता साडेसातचे इंजेक्शन नऊला जाऊ लागले, कधी दहाला. क्लासमध्ये मुलांसमोर बोट टोचायला नको म्हणून तपासणी बंद. घरी येऊन वहीत आकडे अंदाजाने भरायचे : १४०, १५२, १३८. इतके शहाण्यासारखे आकडे टाइप १ मध्ये सलग येत नाहीत, हे कुणालाही पाहताक्षणी कळले असते.

आणि मग तिचे स्वतःचे गणित. सहामाहीच्या पेपरला लो होऊन अर्धा पेपर कोरा राहिल्यावर तिने ठरवले की पुढच्या प्रत्येक पेपरच्या आधी दप्तरातली दोन चॉकलेटे खायची. "लो होण्यापेक्षा हाय बरी, हाय असताना निदान लिहिता तरी येतं," हे तिचे वाक्य. भीती खरी होती आणि उपायही तिच्या अनुभवातून आलेला. पण शुगर फार वर असतानाही डोके चालत नाही. शाळकरी मुलांना फार खाली आणि फार वर, दोन्ही टोकांना साधी गणिते सोडवायला जास्त वेळ लागतो असे तपासण्यांत दिसले आहे. वर परीक्षेच्या ताणाने अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, ते शुगर आणखी चढवतात. चॉकलेट परीक्षेपुरते राहिले नाही. क्लासच्या चाचण्या दर शनिवारी होत्या.

म्हणजे कमी गुण, म्हणून जास्त क्लास, म्हणून बिघडलेल्या वेळा, म्हणून वर गेलेली शुगर, म्हणून थकवा आणि आणखी कमी गुण. नोव्हेंबरात ती दहा दिवस घरी होती, त्यातले बहुतेक दिवस 'अंग दुखतंय' या चिठ्ठीवर.

वडिलांचा प्रश्न

वडिलांनी एकदा मुलीला बाहेर बसवून विचारले, "मॅडम, खरं सांगा. मेंदूवर परिणाम झालाय का?" या प्रश्नाला धीर देणारे गोड उत्तर देऊन चालत नाही. अगदी लहान वयात, शाळेत जाण्याआधीच, मधुमेह झाला असेल, बेशुद्ध होण्याइतक्या लो वारंवार झाल्या असतील किंवा निदानावेळी आम्लता गंभीर झाली असेल, तर स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवर थोडा परिणाम होऊ शकतो असे अभ्यास सांगतात. या मुलीचे निदान आम्लतेतच झाले होते, म्हणून ते लपवले नाही.

पण त्याचबरोबर त्यांना डेन्मार्कचा अभ्यास सांगितला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरकारी शाळांतल्या ६ लाखांहून अधिक मुलांचे वाचन आणि गणिताच्या राष्ट्रीय चाचण्यांतले गुण तपासले होते. त्यांत टाइप १ असलेली सुमारे २,००० मुले होती. त्यांचे आणि इतरांचे सरासरी गुण जवळजवळ सारखेच निघाले. आजार म्हणजे मंदबुद्धी, हा समज त्याने खोडून निघतो. मात्र तो अभ्यास जसाच्या तसा नाशिकला लावता येत नाही. तिथे उपचाराचा खर्च सरकार उचलते; इथे एक शुगरपट्टी १५-२० रुपयांना पडते आणि दिवसाला चार-पाच लागतात. वेल्समधल्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते. तिथे मधुमेही मुलांचे शाळेचे खाडे जास्त होते. एकंदर निकालात मोठा फरक नव्हता, पण ज्यांची एचबीएवनसी सर्वात चांगली त्यांचे निकाल उत्तम आणि ज्यांची सर्वात वाईट त्यांचे मागे. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. जेवणाच्या वेळा सांभाळणारे घर अभ्यासाच्या वेळाही सांभाळत असेल. मला स्वतःला वाटते की बाण दोन्हीकडे जातो, आणि या मुलीच्या कागदावर तर तो दोन्हीकडे जाताना दिसत होता.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग दहा वाजताची शुगर सुधारा, बाकी मी बघतो." मला ते उत्तर आवडले.

शाळेत

डॉक्टरांनी इन्सुलिनची पद्धत बदलली : रात्री एक दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारे, पेनने (पेनासारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनने). दोनऐवजी चार टोचण्या. त्यातली एक मोठ्या सुट्टीत, शाळेत. त्यामुळे शाळेला सांगणे आता अटळ होते. आईला तयार व्हायला तीन आठवडे लागले. मी घाई केली नाही, मुलीनेच शेवटी सांगितले, "आई, नाहीतर बाईंना मी आळशीच वाटणार."

मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, गणिताचे सर, आईवडील आणि मी असे बसलो. हरकती आल्या. वर्गात सुई नको. उद्या प्रत्येक जण सवलत मागेल. बेशुद्ध पडली तर? या हरकती दुष्टपणाच्या नव्हत्या, माहिती नसल्याच्या होत्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र पाठवून टाइप १ असलेल्या मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळेचे खाऊ द्यावे आणि परीक्षेत साखरेच्या गोळ्या व ग्लुकोमीटर जवळ ठेवू द्यावा असे कळवले होते, ते पुढे ठेवले. सीबीएसईने २०१७ पासूनच अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाणे आणि पाणी नेऊ दिले आहे. २०१६ च्या अपंगत्व कायद्यातल्या २१ प्रकारांत टाइप १ मधुमेह नाही, त्यामुळे आपोआप मिळणाऱ्या सवलती या मुलांना मिळत नाहीत. प्रत्येक शाळेच्या दारात जाऊन बोलावेच लागते. हे मला अन्यायाचे वाटते.

कागदपत्रांपेक्षा जास्त काम त्या मोठ्या कागदाने केले. गणिताच्या सरांनी तो हातात घेतला, आपल्या तासावर बोट ठेवून आलेख वाचला आणि विचारले, "म्हणजे माझ्या तासाला ही जवळजवळ रोज लो असते?" त्यानंतर हरकतींची चर्चा संपली आणि कुठे, कधी, कसे यांची सुरू झाली.

शाळेला एक पान लिहून दिले. नऊच्या छोट्या सुट्टीत गरज वाटल्यास दोन बिस्किटे किंवा केळे खाईल. मोठ्या सुट्टीत शिक्षक खोलीच्या कोपऱ्यात शुगर तपासून इन्सुलिन घेईल; सुई स्वतःच्या डबीत टाकून घरी नेईल. पाणी आणि लघवीला केव्हाही जाऊ द्यावे. लो वाटली तर जागेवरच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्यावे. चॉकलेट आधी देऊ नये, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. लो असताना एकटीला कुठेही पाठवू नये, घरी तर नाहीच. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. परीक्षेच्या २० मिनिटे आधी तपासणी. ७० च्या खाली असेल तर साखर, आणि गेलेला वेळ शेवटी भरून द्यावा.

वेळ भरून द्यायच्या मुद्द्यावर सर्वात जास्त वाद झाला. शाळेने अंतर्गत परीक्षांपुरते मान्य केले.

पुढे

सकाळची २८० ची शुगर पहिल्या पंधरवड्यातच उतरली, कारण रात्रीचे दूध बंद करता आले. दहाच्या लो थांबल्या नाहीत, पण विरळ झाल्या. पीटीच्या दिवशी आधी केळे खाल्ले तर बहुधा होत नाहीत. क्लास आठवड्यातून तीन दिवसांवर आणला. हे वडिलांनी मनाविरुद्ध केले आणि ते तसे बोलूनही दाखवतात. दुसऱ्या घटक चाचणीत गणितात १३, विज्ञानात १४. मार्चमध्ये एचबीएवनसी ८.६. अजून ७ फार दूर आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेत दीड-दीड तासांचे दोन पेपर आणि मध्ये जेवणाची सुट्टी. परीक्षा केंद्र परक्या शाळेत होते, तिथे आमचे पान कुणाला माहीत नव्हते. तिने जेवणाचे इन्सुलिन घेतले, गडबडीत डबा अर्धाच खाल्ला आणि दुसऱ्या पेपरला शेवटच्या अर्ध्या तासात लो झाली. पर्यवेक्षकांना स्वतः सांगून तिने पाण्यातून ग्लुकोज घेतले आणि जमले तेवढे प्रश्न सोडवले. परीक्षा उत्तीर्ण झाली, गुणवत्ता यादीत नाव आले नाही. ती दोन दिवस रडली. मला मात्र त्यात एक गोष्ट मोठी दिसली : सहा महिन्यांपूर्वी तिने हात वर केला नसता.

सेन्सर सततचा परवडणारा नाही, एकाला काही हजार रुपये पडतात. म्हणून आता परीक्षांच्या पंधरवड्यापुरता एक, आणि एरवी बोटाची तपासणी. वहीत अजून कधीमधी शहाणे आकडे दिसतात. मी ते खोडत नाही, शेजारी प्रश्नचिन्ह काढते आणि ती हसते.

जूनमध्ये ती नववीत जाईल. या शाळेत नववी-दहावीचे सत्र दुपारी भरते, म्हणजे सगळ्या वेळा पुन्हा मांडाव्या लागतील : दुपारचे जेवण घरी, इन्सुलिनही घरी, पण मधल्या सुट्टीचा डबा चारच्या सुमारास आणि पीटी कुठल्या तासाला ते अजून कळलेले नाही. वेळापत्रक हाती आले की त्याच आठवड्यात सेन्सर लावायचा आणि नव्या वर्गशिक्षकांना भेटायचे असे ठरले आहे. दहावीच्या बोर्डासाठी वेळ आणि खाण्याची परवानगी मिळवायला विभागीय मंडळाकडे अर्ज करायचा आहे. तो परीक्षेच्या तोंडावर न करता नववी संपताच द्यावा, असे मुख्याध्यापिकांनी स्वतःहून सुचवले.

शाळेसाठीचे नवे पान या वेळी मुलगी स्वतः लिहिते आहे. पहिला खर्डा तिने दाखवला, त्यात साखरेचे चमचे तीनऐवजी दोन लिहिले होते. तेवढे दुरुस्त करून घेतले.